परक्या बेटावरचा आठवडा

पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी. जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरात अशी दोन गोरी पोरं सायकलवरून किंवा पायी जाताना दिसली की समजावं, हे मॉर्मन मिशनरी आहेत. वय अठरा-वीस. पट्टीवर पहिलं नाव नसतं, नुसतं आडनाव आणि त्याच्या आधी ‘एल्डर’. म्हणजे वडीलधारा! मिसरूड फुटतंय न फुटतंय तोच हे वडीलधारे होतात, याची मला आधी गंमत वाटायची. पुढे त्यांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ती गंमत हळूहळू कमी झाली.

त्यांच्या आठवड्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पिढ्यान्‌पिढ्या नियम असा होता की सकाळी साडेसहाला उठायचं आणि रात्री साडेदहाला दिवा मालवायचा. जोडीदाराला सोडून एकट्यानं कुठं जायचं नाही. सिनेमा नाही, मुलीबरोबर फिरणं नाही. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुणं, केस कापणं, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणं यासाठी राखलेला. बाकीचे दिवस लोकांची दारं वाजवायची. मुलांसाठी हे दोन वर्षं चालतं, मुलींसाठी दीड वर्ष. पगार नसतो, उलट खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या बचतीतून करायचा. आणि घरी फोन? २०१९च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून दोनदाच, एकदा नाताळला आणि एकदा मातृदिनाला. त्यानंतर दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. आज असे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी जगभर आहेत.

आमच्याकडेही खांद्यावर वळकटी टाकून तीन दिवसांच्या, चाळीस दिवसांच्या जमातीत जाणारे लोक असतात. तेही स्वतःच्या पैशानं जातात, गावोगावच्या मशिदीत उतरतात, स्वयंपाक मिळून करतात. फरक एवढाच, की ते बहुतेक आपल्याच माणसांना ‘नमाजला या’ म्हणायला जातात. मॉर्मन पोरगं परक्यांच्या दारात जातं, आणि दहातली नऊ दारं त्याच्या तोंडावर बंद होतात. तरी ते दहावं दार वाजवतं. ही चिकाटी कुठून आली, याचा माग काढत मी एका जहाजापाशी येऊन थांबलो.

जहाजाचं नाव होतं ‘इमाम ऑफ मस्कत’. ओमानच्या राज्यकर्त्याला त्या काळी पाश्चात्त्य लोक याच नावानं ओळखत. नाव इमामाचं, जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं आणि आत दहा मॉर्मन प्रचारक! १२ डिसेंबर १८५० रोजी ते हवाई बेटांवर, होनोलुलूच्या बंदरात लागलं. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरं, पण हे वाचताना मला हसू आवरलं नाही. कारण एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी आणि इंग्रजी लेखकांना मॉर्मनांची टिंगल करायची झाली की त्यांची ठरलेली उपमा होती आमची. मॉर्मन पंथ स्थापन करणाऱ्या जोसेफ स्मिथला ते ‘अमेरिकेचा महंमद’ म्हणत. त्यात त्यांनी दोन समाजांची एकाच वाक्यात बदनामी करून टाकली होती. काटकसरी लोक!

या दहा जणांत एक होता जॉर्ज क्यू. कॅनन. जन्म लिव्हरपूलचा, १८२७चा. त्याच्या घरानं १८४०मध्ये हा नवा पंथ स्वीकारला. अमेरिकेला जाताना वाटेत, समुद्रावरच, आई वारली. दोन वर्षांत वडील गेले. पोरका मुलगा छापखान्यात खिळे जुळवायला शिकला, युटाच्या वाळवंटात गेला आणि तिथून त्याला धाडलं कॅलिफोर्नियाला, सोनं खणायला. त्या काळात सगळी अमेरिका कॅलिफोर्नियात सोनं खणायला धावत होती. त्याच्यासोबत हवाईला आलेला हेन्री बिगलर तर सटर मिलवर पहिलं सोनं सापडलं तेव्हा तिथं हजर होता. २४ जानेवारी १८४८ ही त्या शोधाची तारीख जगाला कळते ती याच बिगलरच्या रोजनिशीमुळे. अशी माणसं सोन्याची जागा सोडून, हुकूम आला म्हणून, एका अनोळखी बेटावर आली. कॅनन तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

आणि तिथं उतरल्यावर पहिल्याच आठवड्यांत मोठा पेच पडला. ते आले होते गोऱ्यांना उपदेश करायला. बेटांवर गोरे मोजकेच, आणि त्यांना ऐकण्यात रस नव्हता. राहिले हवाईचे मूळ रहिवासी. त्यांची भाषा येत नाही. मग काय करायचं? दहापैकी काही जण म्हणाले, आपलं काम संपलं, परत फिरू. थोड्याच महिन्यांत जवळजवळ निम्मे परत गेलेही, त्यांचा म्होरक्यासुद्धा. कॅनन मात्र अडून बसला. या लोकांना सांगायला आलो असू तर यांच्या भाषेत सांगू, आणि त्यासाठी लागेल तितकं राहू, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच खरा वळणाचा क्षण आहे. उपदेश करायला आलेल्या माणसानं विद्यार्थी व्हायचं ठरवलं.

माउई बेटावरच्या लाहायना गावात नालिमानुई नावाच्या एका बाईनं आपलं घर या परक्यांना राहायला दिलं. ती स्वतः दुसरीकडे राहायला गेली. गवतानं शाकारलेलं घर, चटईवर झोपणं, आणि खायला पोई. पोई म्हणजे अळकुड्यांच्या जातीचा कंद शिजवून, कुटून केलेलं आंबूस पिठलं म्हणा हवं तर. कॅननला ते घशाखाली उतरेना. पण यजमानांकडे दुसरं काही नव्हतं, आणि त्यांच्याच घरात वेगळं ताट मागायचं त्याला बरं वाटेना. त्यानं प्रार्थना केली, की मला हे गोड लागू दे. त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, की त्यानंतर पोई त्याला आवडू लागली. प्रार्थनेचा परिणाम म्हणा किंवा भुकेचा म्हणा. परक्या घरात जेवणाऱ्या माणसानं मागावं असं याहून शहाणं मागणं मला तरी सुचत नाही.

त्याचे ते आठवडे आजच्या पोरांच्या वेळापत्रकासारखे आखीव नव्हते. थोडी पुस्तकं, शेजारचे लोक आणि कान एवढीच त्याची सामग्री. येईल त्याच्याशी बोलायचं, चुकायचं, लोक हसले की आपणही हसायचं. हवाईची लिपी तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षांची होती. पाच स्वर आणि सात व्यंजनं, बारा अक्षरांत सगळी भाषा. ती बसवली होती १८२०मध्ये आलेल्या बॉस्टनच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी. १८३९पर्यंत त्यांनी सबंध बायबल हवाई भाषेत आणलं होतं.

इथं जरा थांबतो. या बॉस्टनकरांना आपण महाराष्ट्रातले लोक चांगले ओळखतो. ज्या अमेरिकन बोर्डानं १८२०मध्ये हवाईला माणसं पाठवली, त्याच बोर्डानं त्याआधी, १८१३मध्ये, मुंबईला पाठवली होती. पुढे १८३१मध्ये ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेले. शाळा काढल्या, छापखाना चालवला, १८४२पासून ‘ज्ञानोदय’ काढला. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती झाले ते १८९५मध्ये याच अमेरिकन मिशनच्या घरात. तेव्हा माउई आणि नगर यांच्यामध्ये दोन महासागर असले, तरी एक चुलतनातं आहे. एकाच कचेरीतून दोन्हीकडे पत्रं जात होती.

तर या बॉस्टनकरांना कॅननसारख्यांचं येणं रुचणं शक्यच नव्हतं. तीस वर्षं त्यांनी नांगरलेलं शेत, आणि त्यात हा कालचा पोरगा बी टाकायला आलेला. एका रविवारी त्यांच्या पाद्रीसाहेबांनी व्यासपीठावरून मॉर्मनांचा आणि त्यांच्या पैगंबराचा खरपूस समाचार घेतला. कॅनन बाकावर बसून ऐकत होता. प्रवचन संपलं तसा तो उठून उभा राहिला आणि लोकांना त्यांच्याच भाषेत म्हणाला, की हे ऐकलंत ते खरं नाही, आमचं आमच्या तोंडून ऐका. भाषा शिकल्याचा हा पहिला उपयोग! आपल्याविषयी दुसरे जे सांगतात ते आपण बसून ऐकायचं, आणि मग उभं राहायचं. ही कसरत मला परिचयाची आहे.

भाषेचीच आणखी एक गोष्ट. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द. आमच्या घरच्या दखनीतही ‘हम’ म्हटलं की भागतं. मराठीत मात्र बोलणाऱ्याला प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते, समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. हवाई भाषेत अगदी हेच आहे. ‘माकोउ’ म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. ‘काकोउ’ म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. दोघंच असतील तर त्यासाठी आणखी वेगळे शब्द. देवाची प्रार्थना करताना ‘माकोउ’च म्हणावं लागतं, कारण देव काही ‘आपण’मध्ये बसत नाही. आता विचार करा, लिव्हरपूलमध्ये वाढलेला इंग्रज मुलगा. त्याला आयुष्यात ही निवड कधी करावी लागली नव्हती. परक्या लोकांपुढे बोलायला उभं राहिल्यावर प्रत्येक वाक्याला त्याला ठरवावं लागणार, यांना धरून बोलतोय की वगळून. मी मराठीत कविता लिहितो म्हणून असेल, पण मला वाटतं व्याकरणाच्या या एका धड्यानं त्याला जे शिकवलं असेल ते कुठल्या प्रशिक्षणातही मिळालं नसतं. (‘तुमचं मराठी किती छान आहे हो,’ असं मला अजून सभांतून सांगितलं जातं. सांगणारा मनानं चांगलाच असतो. फक्त त्यानं मला ‘आम्ही’च्या बाहेर उभं केलेलं असतं.)

१८५१च्या मार्चमध्ये कॅनन पायी बेट फिरायला निघाला. वायलुकू गावाजवळून पुढे जात असताना पावसाची सर आली, वाट बदलली आणि त्याची गाठ पडली जोनाताना नापेलाशी. नापेला हवाईचाच, चांगल्या घरातला, लाहायनालुनाच्या शाळेत शिकलेला आणि हुद्द्यानं न्यायाधीश. त्यानं या भिजलेल्या पोराला घरात घेतलं. त्याच्यावर पाद्र्यांकडून दबाव आला, नोकरीवर गदा येईल अशी भीती घातली गेली. त्यानं घाई केली नाही. विचार करून, जानेवारी १८५२मध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. मॉर्मनांचा धर्मग्रंथ हवाई भाषेत आला तो या दोघांनी मिळून आणला. कॅनन मजकूर समजावून सांगे, नापेला त्याला अस्सल शब्द सुचवी, वाक्य कानाला लागलं की थांबवी. काम संपायला दोनेक वर्षं लागली. पुस्तक १८५५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत छापलं गेलं. त्यावर अनुवादक म्हणून कॅननचं नाव मोठं झालं. अनुवाद केलेल्या कोणालाही विचारा, हातातल्या मूळ पुस्तकापेक्षा शेजारी बसलेला माणूस जास्त महत्त्वाचा असतो.

नापेलानं आणखी एक केलं. नंतर येणाऱ्या नव्या मिशनऱ्यांना हवाई भाषा शिकवण्याची त्यानं १८५३च्या सुमारास वायलुकूत सोय केली. आज अमेरिकेतल्या प्रोव्हो गावात या पंथाचं भलंमोठं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं परदेशी निघालेल्या पोरांना काही आठवड्यांत भाषा शिकवतात. त्याचा मूळ पुरुष शोधायचा तर वायलुकूच्या त्या न्यायाधीशाच्या ओसरीवर जावं लागेल.

हे सगळं गोडगोड होतं असं मात्र नाही. हवाईच्या लोकांवर त्या काळात चहूबाजूंनी संकट होतं. १८४८पासून जमिनींची वाटणी होऊन त्या हळूहळू परक्यांच्या हाती चालल्या होत्या. जहाजांबरोबर रोग येत होते. १८५३मध्ये देवीची साथ आली आणि हजारो माणसं गेली. अशा वेळी कुणी बाहेरचा येऊन ‘तुमचं नातं आमच्या ग्रंथातल्या प्राचीन वंशाशी आहे’ असं सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात आशा किती आणि असहायता किती, हे मोजायचं कसं? १८५४पर्यंत चार हजारांवर लोक या पंथात आले. त्यांतले सगळेच नापेलासारखे विचार करून आले असतील असं मी म्हणणार नाही. आणि सगळे भुलून आले असंही म्हणणार नाही. माणसं धर्म बदलतात तेव्हा त्यांना भोळं ठरवण्याची आपल्याकडेही फार घाई असते.

याच सुमारास हे लोक आपल्याकडेही आले होते. सप्टेंबर १८५२मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला. पाद्री विरोधात, वर्तमानपत्रं विरोधात. तो पुण्याला गेला, तर छावणीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला हद्दीत प्रचार करायला मनाई केली. तरी मुंबईत आणि पुण्यात एकेक लहानशी मंडळी उभी राहिली. दुर्दैव असं, की ऑगस्ट १८५२मध्ये सॉल्ट लेक सिटीत ज्या सभेत भारतासाठी आणखी नऊ प्रचारक नेमले गेले, त्याच सभेत मॉर्मनांनी बहुपत्नीत्व आपल्या धर्मात असल्याचं उघडपणे जाहीर केलं. ते प्रचारक १८५३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला पोचले. पुढे ते काहीही सांगायला गेले तरी लोक विचारत, आधी बायकांचं बोला! या प्रश्नाची ओळख मला कुणी करून द्यायला नको. १८५६पर्यंत भारतातलं हे काम बंद पडलं. हवाईत जे झालं ते इथं का झालं नाही, याची कारणं अनेक. पण एक मला मोठं वाटतं. इथं त्यांचा वेळ बहुतेक इंग्रजी शिपाई आणि गोऱ्या वस्त्यांभोवती गेला. नापेला भेटायला जी पायवाट लागते, ती छावणीतून जात नाही.

कॅनन १८५४मध्ये परतला. त्याच वर्षी हवाईला नवी तुकडी आली, आणि तीत एक मुलगा होता जोसेफ एफ. स्मिथ. वय पंधरा! संस्थापकाचा सख्खा पुतण्या. सहाव्या वर्षाच्या आत बाप जमावाच्या गोळीनं मेला, तेराव्या वर्षी आई गेली. शाळेत मास्तरांवर हात उगारला म्हणून शाळा सुटली, आणि त्याला पाठवलं ते थेट हवाईला. पोचल्या पोचल्या तापानं आजारी पडला. मनुही नावाच्या हवाई बाईनं त्याला पोटच्या पोरासारखं जपलं. तीनेक महिन्यांत तो तिची भाषा बोलू लागला. पुढे एका आगीत त्याचे कपडे आणि रोजनिश्या जळाल्या. तेव्हा जोडीदारात आणि त्याच्यात मिळून एकच धड पोशाख उरला होता, एक सभेला गेला की दुसरा अंथरुणात, असं सांगतात. हा मुलगा १९०१मध्ये या पंथाचा अध्यक्ष झाला. म्हातारपणी तो पुन्हा होनोलुलूच्या धक्क्यावर उतरला तेव्हा गर्दीतून एक आंधळी म्हातारी ‘इओसेपा, इओसेपा’ अशा हाका मारत, चाचपडत पुढे आली. हातात चार चांगली केळी होती. अध्यक्षांनी सगळा समारंभ सोडून तिला मिठी मारली आणि म्हणाले, ही माझी आई.

नापेलाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. त्याच्या बायकोला, किटीला, कुष्ठरोग झाला. सरकारी कायद्यानं रोग्यांना मोलोकाई बेटावरच्या कालाउपापाला नेऊन सोडत. १८७३मध्ये नापेला, स्वतः धडधाकट असताना, तिच्याबरोबर तिथं राहायला गेला. काही काळ वसाहतीचा कारभारही त्यानं पाहिला. त्याच वर्षी तिथं फादर डेमियन आले, ज्यांचं नाव जगभर झालं. कॅथलिक पाद्री आणि मॉर्मन नापेला यांची चांगली मैत्री होती. शेवटी नापेलालाही रोग जडला. १८७९मध्ये तो वारला, पाठोपाठ किटी. कॅननचं ‘माय फर्स्ट मिशन’ हे आठवणींचं पुस्तक निघालं तेही १८७९मध्येच. त्यात तरुण नापेला अजून पावसात भिजलेल्या पोराला दारातून आत घेतो आहे.

कॅनन मोठा झाला. वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये युटा प्रदेशाचा प्रतिनिधी म्हणून बसला, बहुपत्नीत्वापायी १८८८मध्ये तुरुंगातही जाऊन आला. त्याच्या पंथानं ती चाल १८९०मध्ये अधिकृतपणे सोडली. डिसेंबर १९००मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, तो पुन्हा हवाईला गेला. आता तिथं राज्य नव्हतं. १८९३मध्ये राणी लिलिउओकालानी हिला पदच्युत केलं गेलं होतं, १८९८मध्ये बेटं अमेरिकेनं घेतली होती. १८९६च्या कायद्यानं शाळांतून हवाई भाषा गेली होती आणि मुलांना इंग्रजीत शिकवत होते. त्र्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा सभेत उभा राहिला आणि हवाईत बोलला.

गादी गेलेली राणीही त्याला भेटायला आली, आणि तिनं त्याच्याकडे आशीर्वाद मागितला. त्यानं तो दिला. तीन-चार महिन्यांनी, एप्रिल १९०१मध्ये, तो कॅलिफोर्नियात वारला.